दीड वाजता लिहिलेलं उत्तर पाठवू का?

पत्र:

ताई, दोन वर्षं झाली मी क्रोशाची खेळणी ऑनलाइन विकतेय. ससे, अस्वलं, एक ऑक्टोपस आहे तो सगळ्यात जास्त चालतो. आत्तापर्यंत ११८ रिव्ह्यू होते, ११६ जणांनी पाच स्टार दिलेले, दोघांनी चार. मागच्या आठवड्यात एका बाईने सशाला एक स्टार दिला आणि लिहिलं, "फोटोत मोठा दिसतो, हातात आला तर मुठीएवढा. शुद्ध फसवणूक. पार्सलही उशिरा." ताई, लिस्टिंगमध्ये उंची १२ सेंटिमीटर स्वच्छ लिहिलीये. पार्सल मी दुसऱ्याच दिवशी दिलं, कुरिअरकडे ते सहा दिवस पडून होतं, यात माझा काय दोष? आणि रिव्ह्यूच्या आदल्या दिवशी तिचा मेसेज होता, "अर्धे पैसे परत द्या, ससा मी ठेवून घेते, नाहीतर रिव्ह्यू काय द्यायचा ते मला माहितीये." मी घाबरून उत्तरच दिलं नाही. काल रात्री दीड वाजता मी तिला एक सणसणीत उत्तर लिहून ठेवलंय, अजून पाठवलं नाही, सोबत जोडतेय, सशाचा फोटोपण. नवरा म्हणतो सोडून दे. मैत्रीण म्हणते मी दहा अकाउंटवरून पाच-पाच स्टार टाकते. रिव्ह्यू आला त्यानंतर तिघांनी एकेक ससा मागवलाय, पण कान लावायला बसले की हातच चालत नाही. काय करू?
— झोप उडालेली

उत्तर:

अगं, पहिलं म्हणजे तो ड्राफ्ट पाठवू नकोस. डिलीटपण करू नकोस, त्यातली एक ओळ आपल्याला लागणारे.

तुझं उत्तर मी दोनदा वाचलं. बावीस ओळी आहेत. पहिल्या पाच चांगल्या आहेत, मग तुझा तोल जातो, मग तू तिचं पूर्ण नाव लिहितेस, मग तिचा मेसेज जसाच्या तसा, आणि शेवटी "अशा लोकांमुळेच हाताने काम करणाऱ्यांची किंमत राहिली नाही" वगैरे. लिहिताना फार बरं वाटलं असणार, मला माहितीये, कारण मीपण एकेकाळी हाताने बांधलेल्या वह्या विकायचे आणि एकाने मला दोन स्टार दिले होते, कारण काय तर "पानं कोरी आहेत". वही कोरी आहे म्हणून दोन स्टार! लिस्टिंगमध्ये 'कोरी पानं' असं लिहिलेलं होतं. मी त्याला नऊ ओळींचं उत्तर ठोकलं, त्यात "वाचता येत असतं तर" असं एक वाक्यही होतं, आणि दोन दिवस मी स्वतःवर जाम खूश होते. तीन-चार महिन्यांनी एका मुलीचा मेसेज आला, तिला वहीच्या कागदाबद्दल काहीतरी विचारायचं होतं, आणि सुरुवातच अशी, "एक प्रश्न आहे, तुम्ही चिडणार नाही ना?" तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. त्या कोऱ्या पानांवाल्याने माझं उत्तर बहुतेक बघितलंही नव्हतं. बघितलं होतं ते या मुलीने, आणि तिच्यासारख्या अजून कितीजणींनी, ज्यांनी मेसेजही न करता पान बंद केलं असेल. याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण.

म्हणजे रिव्ह्यूखालचं उत्तर त्या बाईला लिहायचंच नसतं. ती गेली. ते लिहायचं असतं उद्या तुझा ससा बघायला येणाऱ्या माणसाला, जो आधी एक स्टारवाला रिव्ह्यू उघडतो (सगळे तोच उघडतात, तूपण उघडतेस) आणि खाली दुकानदार कसा बोलतोय ते बघतो. एवढं डोक्यात पक्कं बसलं की बाकीचं आपोआप सुचतं.

आता तुझा ससा. फोटो पाठवलास ते बरं केलंस. पांढरी चादर, त्यावर एकटा ससा, आजूबाजूला काही म्हणजे काही नाही, आणि फोटो इतक्या जवळून की एकेक टाका मोजता येतो. फोटो सुंदरच आहे. पण खरं सांगू, मला तो मांडीवर घेण्याएवढा वाटला. १२ सेंटिमीटर हे मी तुझ्या पत्रात वाचलं आणि मग पट्टी काढून बघितलं, तेव्हा कळलं की अरे हा तर मोबाइलपेक्षाही बुटका आहे. लोक आकडा वाचत नाहीत गं, फोटो बघतात आणि मनात साइझ ठरवून टाकतात, आणि पार्सल उघडल्यावर मनातला ससा आणि हातातला ससा जुळला नाही की त्यांना आपण चुकलो असं वाटत नाही, आपल्याला फसवलं असं वाटतं.

म्हणून या एका रिव्ह्यूत तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत आणि तू त्यांची एकच मोळी बांधून डोक्यावर घेतलीयेस. साइझची तक्रार, तिची बोलण्याची पद्धत वाईट असली तरी, निम्मी खरी आहे. उशिराची तक्रार खरी आहे पण तुझी नाही, कुरिअरची आहे, वड्याचं तेल वांग्यावर. आणि तो आदल्या दिवशीचा मेसेज ही तक्रारच नाही, ती धमकी आहे. तिघींना तीन वेगळी औषधं.

धमकीचं आधी, कारण तिथे वेळ जातोय. "पैसे द्या नाहीतर वाईट रिव्ह्यू देईन" हे मोठ्या साइट्सवर नियमाविरुद्ध असतं, ईबेवर तर याला खंडणीच म्हणतात, फीडबॅकच्या नावाची, आणि मेसेजमध्ये स्पष्ट दिसत असेल तर तो फीडबॅक काढला जाऊ शकतो. पण अट अशी की धमकी साइटच्याच मेसेजमध्ये असायला हवी. तुझी आहे ना? मग स्क्रीनशॉट घे आणि रिपोर्ट कर, आज. (पुढे कधी कोणी व्हॉट्सअ‍ॅपवर असं बोलायला लागलं तर "आपण साइटवरच्या चॅटमध्ये बोलूया" म्हणून त्याला तिथे आणायचं, मगच पुढचं बोलायचं.) रिपोर्टमध्ये रडगाणं नको. मी किती मेहनत करते, घर सांभाळून रात्री विणते, हे सगळं खरं असलं तरी तो रिपोर्ट वाचणाऱ्याकडे दिवसभरात असले ढीगभर येतात. ऑर्डर नंबर, मेसेजची तारीख-वेळ, तिचं ते एक वाक्य अवतरणात, आणि दुसऱ्या दिवशी रिव्ह्यू आला ही तारीख. चार ओळी, बस. नकार आला तर एकदा पुन्हा माग, नीट मुद्दा धरून. दुसऱ्यांदाही नाही म्हणाले तर सोड, तिसऱ्या-चौथ्यांदा मागून कोणाचं मन वळलेलं मी तरी बघितलं नाहीये.

कुठल्या साइटवर विकतेस ते तू लिहिलंच नाहीस, त्यामुळे थोडं सगळ्यांचं सांगते, कारण इथे क्रम चुकला तर दार बंद होतं. एट्सीवर (हाताने केलेल्या वस्तूंची साइट) विक्रेत्याने रिव्ह्यूला जाहीर उत्तर दिलं की ग्राहकाला तो रिव्ह्यू मग बदलताच येत नाही. म्हणजे तू रागाच्या भरात उत्तर टाकलंस आणि दुसऱ्या दिवशी बाई नरमली तरी तो एक स्टार तुझ्या दुकानात कायमचा मुक्कामाला. ईबेवर फीडबॅक आल्यापासून ३० दिवसांत ग्राहकाला 'बदलाल का' अशी रीतसर विनंती पाठवता येते, त्याच्याकडे मग उत्तराला १० दिवस असतात, पण या विनंत्याही मोजूनच मिळतात, वर्षभरात आलेल्या दर १००० फीडबॅकमागे पाच, तेव्हा प्रत्येक बारीकसारीक गोष्टीला वापरायच्या नाहीत. अ‍ॅमेझॉनवर विक्रेत्याच्या फीडबॅकमध्ये कोणी फक्त वस्तूबद्दलच लिहिलं असेल तर ते काढायला सांगता येतं, आणि माल अ‍ॅमेझॉनच्या गोदामातून त्यांनीच पोचवला असेल आणि तक्रार पोचवण्याबद्दल असेल तर ती ते खोडून स्वतःच्या अंगावर घेतात. हे नियम अधूनमधून बदलतात, तुझ्या साइटचं मदतीचं पान एकदा शांतपणे वाच, दीड वाजता नाही.

म्हणून आधी तिला खाजगीत लिही. हो, त्याच बाईला. मला माहितीये तुला नकोसं वाटतंय, पण त्या पहिल्या मेसेजला तू उत्तरच दिलं नाहीस ही या सगळ्यात तुझी एकमेव चूक आहे. गप्प बसलेला विक्रेता ग्राहकाला चोरासारखा दिसतो, मग तो खरा कितीही साधा असो. लिही की ससा अपेक्षेपेक्षा लहान वाटला, उशीरही झाला, तुम्हाला नको असेल तर परत पाठवा, हातात आला की पूर्ण पैसे परत देते. रिव्ह्यूचा शब्दही काढायचा नाही. अर्धे पैसेही द्यायचे नाहीत. ससा परत, पैसे परत, हा व्यवहार झाला. ससा तिच्याकडे, पैसे तिच्याकडे आणि बदल्यात तुला स्टार, हा सौदा झाला, आणि तो तू केलास तर नियम तूही मोडलास, वर तिला कळलं की हे चालतं, पुढच्या दुकानात ती तेच करणार. ज्याला खरंच वस्तू आवडली नाही तो परत पाठवायला तयार होतो. ज्याला वस्तूही हवी आणि पैसेही, तो या मेसेजनंतर गायब होतो. दोन्हीत तुला उत्तर मिळालंच की.

चार-पाच दिवस वाट बघ. काहीच हललं नाही तर मग जाहीर उत्तर, आणि इथे तुझ्या ड्राफ्टमधली ती एक ओळ लागते, "पार्सल ऑर्डरच्या दुसऱ्या दिवशी निघालं होतं." बावीस ओळींतली ही एकच ओळ अशी आहे की जी वाचून अनोळखी माणूस तुझ्या बाजूला येतो, कारण त्यात राग नाही, तारीख आहे. मी असं लिहिलं असतं:

"ससा मनासारखा वाटला नाही याचं वाईट वाटलं. त्याची उंची १२ सेंटिमीटर आहे, वर्णनात दिली आहे, पण फोटोवरून ती लक्षात येत नव्हती, म्हणून आता हातात धरलेला फोटो लावला आहे. पार्सल ऑर्डरच्या दुसऱ्या दिवशी निघालं होतं, वाटेत अडकलं. ससा परत करायचा असेल तर मेसेज करा, पूर्ण पैसे परत मिळतील."

संपलं. 'फसवणूक' हा शब्द यात कुठेही नाही बघ, आपण तो उचलून परत फेकलाही नाही आणि नाकारलाही नाही, फक्त शेजारी १२ सेंटिमीटर ठेवून दिलं. धमकीचाही उल्लेख नाही. तो मोह फार होणार, पण तो मेसेज साइटला दाखवायचाय, बाजारात नाही, आणि तिचं नाव तर अजिबातच नाही, ते टाकलंस तर उलट तुझंच उत्तर काढलं जाऊ शकतं. आणि "ग्राहक आमचा देव" छापाचं लोण्यासारखं काही लिहू नकोस प्लीज, ते वाचलं की मला त्या दुकानातून काहीच घ्यावंसं वाटत नाही. हां, एक बघ, नवा फोटो आधी लाव, मग उत्तर टाक. उलटं केलंस आणि कोणी फोटो शोधायला गेलं तर पंचाईत.

फोटोत ससा कपाशेजारी ठेवू नकोस, कप बोटभरही असतात आणि वाटीएवढेही. तळहातावर ठेव. हात सगळ्यांना माहीत असतो. आणि १२ सेंटिमीटर वर्णनात आहे ते नावातच घे, 'छोटा ससा, १२ सेंमी'. ऑक्टोपसलाही तेच कर.

मैत्रिणीला सांग, प्रेम पोचलं, पण नको. दहा अकाउंटवरून एकाच आठवड्यात दहा पाच-स्टार म्हणजे साइटच्या कॉम्प्युटरला निमंत्रण आहे, आणि पकडलं तर एक स्टारवाली बाई राहील आणि दुकान तुझं बंद होईल. खोट्या रिव्ह्यूंवर कायदेही कडक व्हायला लागलेत, अमेरिकेत २०२४ पासून फेडरल ट्रेड कमिशन या सरकारी संस्थेचा खास नियमच आहे, आणि त्यात धाक दाखवून वाईट रिव्ह्यू दाबायलाही बंदी आहे. खऱ्या ग्राहकांना "कसा वाटला ते जरूर लिहा" अशी चिठ्ठी पार्सलमध्ये टाकायला काही हरकत नाही. "पाच स्टार द्या, पुढच्या वेळी सूट" ही मात्र लाच झाली.

आणि तुझ्या मनात कुठेतरी असेलच की मीपण त्या बाईला निगेटिव्ह देऊन हिशोब चुकता करावा. ईबेवर पूर्वी हे चालायचं. ग्राहकाने वाईट दिलं की विक्रेता उलट वाईट द्यायचा, मग ग्राहक घाबरून खरं बोलायचेच नाहीत, शेवटी २००८ मध्ये त्यांनी विक्रेत्याने ग्राहकाला निगेटिव्ह देणं बंदच करून टाकलं. विक्रेत्यांनी तेव्हा खूप आरडाओरडा केला. मला विचारशील तर त्यांचा राग समजतो, पण निर्णय बरोबर होता.

आता नवऱ्याचं. "सोडून दे" हे पूर्ण चूक नाहीये. नुसते स्टार आहेत, शब्दच नाहीत, किंवा इतकं अचाट काहीतरी लिहिलंय की वाचणारा स्वतःच हसेल (ते कोऱ्या पानांचं तसंच होतं, मला कळलं नाही), तिथे उत्तर देऊच नये. पण इथे कोणीतरी 'फसवणूक' असं लिहिलंय आणि त्याला तुझ्याकडे एक साधं, मोजता येणारं उत्तर आहे, तेव्हा एकदा उत्तर द्यायचं. एकदाच. तिने खाली अजून काही लिहिलं तरी दुसऱ्यांदा नाही.

झोपेचं काय ते सांगते. तुझा हिशोब मी करून बघितला. आधी ११८ रिव्ह्यूंची बेरीज ५८८ होती, सरासरी ४.९८. आता ११९ ची ५८९, सरासरी ४.९४९ आणि पुढे काहीतरी. साइट जर एकाच दशांशापर्यंत आकडा दाखवत असेल तर ५.० चं रातोरात ४.९ झालं असणार आणि तुला तेच टोचतंय, हो ना? गंमत बघ, पुढचा एक, फक्त एक पाच स्टार आला की ५९४ भागिले १२०, म्हणजे बरोबर ४.९५, आणि तो आकडा पुन्हा ५.० दिसायला हवा. एका स्टारवाल्या बाईने तुला तीन शतांश खाली आणलं. तेवढ्यासाठी तू आठवडाभर झोपली नाहीस.

खोटा धीर देत नाही, पहिल्या निगेटिव्हचा फटका बसतो. लुईस कॅब्राल आणि अली होर्ताचसू या अर्थशास्त्रज्ञांनी ईबेच्या विक्रेत्यांचा अभ्यास केला होता, तो २०१० मध्ये छापून आला. पहिला निगेटिव्ह येईपर्यंत विक्री आठवड्याला सरासरी ५ टक्क्यांनी वाढत होती, तो आल्यावर ८ टक्क्यांनी घटायला लागली. पण त्यानंतरच्या निगेटिव्हचा परिणाम पहिल्याच्या जवळपासही नव्हता. दुसरीकडे पॉल रेझनिक आणि त्याच्या सहकाऱ्यांनी एक मजेशीर प्रयोग केला होता, जुनी पोस्टकार्डं विकणाऱ्या एका जुन्या विक्रेत्याने सारखीच कार्डं स्वतःच्या नावाने आणि नवीन अनोळखी नावांनी विकायला ठेवली. जुन्या नावाला साधारण ८ टक्के जास्त भाव मिळाला. आणि नव्या नावांपैकी काहींना एक-दोन निगेटिव्ह होते, काहींना नव्हते, पण लोकांनी मोजलेल्या पैशात त्यामुळे म्हणण्यासारखा फरक पडला नाही. म्हणजे एक निगेटिव्ह येऊनही दोन वर्षांचं नाव मोडत नाही, आणि तुझ्याकडे ११६ जणांचं नाव आहे. शिवाय २०१७ मध्ये अमेरिकेतल्या नॉर्थवेस्टर्न युनिव्हर्सिटीच्या एका संशोधन केंद्राने बघितलं की वस्तू विकत घेण्याची शक्यता सगळ्यात जास्त असते ती रेटिंग ४.० ते ४.७ च्या दरम्यान असताना, पूर्ण पाचच्या जवळ गेलं की ती उलट कमी होते. लोकांना शंका येते म्हणे की इतकं गोड कसं. मलापण येते.

शेवटी ते तीन ससे. तूच लिहिलंयस की "त्यानंतर" ऑर्डर आल्या. म्हणजे त्या तिघांनी तुझं पान उघडलं तेव्हा तो एक स्टार तिथे होता, त्यातल्या एखाद्याने तरी तो वाचला असणारच, 'फसवणूक' हा शब्दही वाचला असणार, आणि तरी ऑर्डर दिली. त्यांना आजच एक मेसेज टाक की ससा १२ सेंटिमीटरचा आहे, तळहातावर बसतो, चालेल ना? कोणी नको म्हणालं तर आत्ताच कळेल. आणि मग कान लावायला घे.